खाली नेलेली आग

“म्हातारीला काय हवं ते कबूल कर पोरी, पण आग कबूल करू नकोस,” असं शि काका औयांग मिनला म्हणाले होते.

शि काका म्हणजे यानजियाओ गावचे पक्षसचिव. वरून आलेला प्रत्येक हुकूम त्यांनी आयुष्यभर डोंगरावर चढवला होता, त्यामुळे गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मिनने मात्र ‘हो काका, हो’ म्हणत ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. वर्ष संपायच्या आत गाव रिकामं व्हायला हवं होतं आणि सगळं एका म्हातारीपायी अडलं होतं. काका काय, त्यांचं वय झालंय, असं तिला वाटलं.

मिन तालुक्याच्या गावची. प्रांताच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकली, तिथेच पक्षाची सभासद झाली आणि तालुक्याच्या सांख्यिकी कचेरीत लागली. मुलगी दोउदोउ बोलायला लागते न लागते तोच तिची नेमणूक डोंगरावर झाली. अमुक सालानंतर देशात कोणी गरीब उरणार नाही, असं पक्षाने ठरवलं होतं. बीजिंगमध्ये ठरलेली गोष्ट प्रांतात येईपर्यंत आकडा होते, तालुक्यात येईपर्यंत तारीख होते आणि डोंगरावर पोचेपर्यंत तिला कुणाचं तरी नाव चिकटतं. यानजियाओला चिकटलेलं नाव औयांग मिनचं होतं. मुलीला सासूकडे ठेवून ती वर गेली. पहिले काही आठवडे रोज फोनवर मुलीचा श्वास ऐकायची, सर्दी झाली आहे का ते ओळखायला. नवरा हसायचा. म्हणायचा, डॉक्टर व्हायची होतीस.

योजना साधी होती. गावात पाणी नाही, उतारावर मक्याशिवाय काही पिकत नाही आणि रस्ता करायचा तर घरांपेक्षा रस्ताच महाग. म्हणून सगळ्यांना खाली खोऱ्यात आणायचं, सौख्य वसाहतीच्या इमारतींत. शेजारी शाळा, दवाखाना आणि बुटांचे वरचे भाग शिवायचा कारखाना. तो समुद्रकाठच्या एका शहरातून आला होता, कारण पक्षाने त्या शहराला या तालुक्याची जोडी लावून दिली होती. डोंगरावरची घरं पाडून तिथे शेत करायचं आणि तेवढ्या जागेचा बांधकामाचा हक्क त्याच शहराला विकायचा. इथे एक घर पडलं की तिकडे कुठेतरी एक मजला चढायचा. मिनला ही योजना हुशार वाटायची. पुढे जे झालं त्यानंतरही तिला ती हुशारच वाटते.

अडून बसलेली म्हातारी म्हणजे लोंग आजी. ऐंशीच्या आसपासची, विधवा, मुलगा दूर दक्षिणेला ग्वांगतोंगच्या कारखान्यात. गरिबाच्या दारावर जबाबदार कार्यकर्त्याचा फोटो लावायचा नियम आहे. आजीच्या दारावर दोन द्वारपाल देवांची चित्रं होती आणि त्यांच्या शेजारी मिनचा फोटो.

“आधी भुतं दोघांना घाबरायची,” आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आता तिघांना घाबरतात.”

मिन रोज तिच्याकडे जायची. डुकरांना खायला घालायची, सरपण फोडायची, मग आगीशी बसून राखेत भाजलेले बटाटे तिखटात बुडवून खायची. आजीच्या घरी आग जमिनीतल्या चौकोनी खळग्यात असे, वर लोखंडी तिपाई, त्याच्याही वर धुरात काळं पडलेलं डुकराचं मांस टांगलेलं. तिपाईला पाय लागू द्यायचा नाही, ओलांडायची तर नाहीच.

त्या तिपाईची गोष्ट आजी पुन्हा पुन्हा सांगायची. ती नवी नवरी होती तेव्हा हुकूम आला होता की घरातलं लोखंड वितळवून गावागावाने पोलाद बनवायचं. कढया गेल्या, बिजागऱ्या गेल्या, तिपाया गेल्या. तिच्या सासूने आपली तिपाई डुकरांच्या गोठ्यात पुरून ठेवली आणि विचारायला आलेल्यांसमोर गळा काढला की ती तर पहिल्याच दिवशी दिली. पुढे जमिनी एकत्र करायचा हुकूम आला, मग वाटून घ्यायचा. अलीकडे नाशपातीचा. सगळ्या उतारावर नाशपाती लावली आणि झाडं फळाला आली तेव्हा सगळ्या तालुक्याची एकदमच आली. ती डुकरांनी खाल्ली. आजी हे रागाने सांगत नसे. हुकूम तिच्या लेखी पावसासारखे होते, येतात नि जातात, आपण आपलं छप्पर बघावं.

अखेर एका सकाळी तीच आपणहून म्हणाली, “येते मी खाली. पण आग पुढे, मी मागे.”

त्या भागातली रीतच ती. घर बदललं की नव्या घरात पहिल्यांदा जुन्या घराची आग जाते, मग तांदूळ, मग माणसं. ती आग विझू द्यायची नसते.

“आजी, तिथे गॅस आहे. बटण दाबलं की पेटतो.”

“बटणाची आग कुणाची? ही माझ्या सासूच्या सासूची आहे.”

“बरं, घमेल्यात निखारे न्या. दोन दिवस ठेवा, मग विझवू.”

आजीने तिच्याकडे नीट बघितलं. “तू तुझी पोर दोन दिवस ठेवलीस आणि मग परत केलीस का?”

मिनने शि काकांचं बोलणं आठवून न आठवल्यासारखं केलं आणि हो म्हणाली. “खाली मी आहे ना,” असंही म्हणाली. ते बोलणं तिचं मनापासूनचं होतं.

आजी उतरली त्या दिवशी तालुक्याच्या प्रचार कचेरीचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. लाल फडक्यावर घमेलं, घमेल्यात राखेखाली निखारे, मागे वाकलेली म्हातारी, आणि पाचव्या मजल्याचं कोरं करकरीत दार. त्या चित्रफितीला ‘नव्या जीवनाची ज्योत’ असं नाव दिलं गेलं आणि ती वर फार आवडली. इतकी, की पुढच्या तुकड्यांसाठी हुकूमच निघाला. प्रत्येक कुटुंबाने आग घेऊन यायची. तालुक्याने सगळ्यांसाठी एकसारखी घमेली घेतली, त्यांना लाल फिती बांधल्या. ज्यांच्या घरची चूल कधीच गेली होती त्यांची पंचाईत झाली.

शि काकाही फितीचं घमेलं घेऊन आले. मिनजवळ थांबून हळूच म्हणाले, “माझ्याकडे कित्येक वर्षं विजेवर भात होतो. ही आग मी जिन्यात लोंग आजीकडून उसनी घेतलीय. शूटिंग झालं की परत देतो म्हणून सांगितलंय.”

आगीबद्दल त्यांनी पूर्वी जे बजावलं होतं ते पुन्हा काढलं नाही. वरून हुकूम आल्यावर ते तसलं काही बोलत नसत.

वसाहतीत पुष्कळ चांगलं झालं. बूट शिवायला ग्वांगतोंगहून सुना परत आल्या, पोरांना आई रोज दिसू लागली. शाळा चपला घालून जाता येईल इतकी जवळ होती. आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि तिने मिनला सांगितलं की फोटोत तू बरी दिसत होतीस. पण घमेली काही परत गेली नाहीत. थंडी पडली तशी ती टेबलाखाली गेली, वरून रजई सोडलेली, चहूबाजूंनी पाय आत. विजेच्या मीटरची सगळ्यांना धास्ती, निखाऱ्यांची कुणालाच नाही. डोंगरावर लाकडी भिंतींना इतक्या फटी की आगीने कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. इथे खिडक्या घट्ट बसणाऱ्या, त्यावर वारा येऊ नये म्हणून लोकांनी आणखी प्लास्टिक चिकटवलं. निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो म्हणून मिन दारोदार जाऊन खिडक्या उघडायला सांगायची आणि लोक ‘हो बाई, हो’ म्हणायचे.

गरिबी खरंच हटली का ते बघायला वर्षअखेरीला तपासणी पथक येणार होतं. त्याच आठवड्यात मिनची सासू पडली, म्हणून दोउदोउला वसाहतीत आणावं लागलं. बैठक होती त्या सकाळी मिनने मुलीला लोंग आजीकडे ठेवलं. पोरीला आजी आवडायची आणि आजीकडचे भात चेचून केलेले चिकट गोळे त्याहून आवडायचे. निघताना मिनने प्लास्टिकचा कोपरा सोडवून खिडकी हातभर उघडली. आजीला उघडीच ठेवायला बजावलं.

बैठक अंगणापलीकडच्या कचेरीत होती. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे, हा शिस्तीचा भाग. तालुक्याहून आलेले साहेब पथकासमोर काय काय दाखवायचं ते सांगत होते आणि त्यांच्या डोक्यावरून मिनला समोरची इमारत दिसत होती. प्लास्टिकमागे धुकाळलेल्या खिडक्यांच्या रांगा. ती सवयीने पाचवा मजला शोधत होती. सापडला. ती खिडकी बंद होती.

एवढंच. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजली असेल, लावली असेल खिडकी. मिनने स्वतःला असं दोनतीनदा सांगितलं आणि उठली.

“औयांग, तुमच्याच वसाहतीचा मुद्दा चाललाय,” साहेब म्हणाले.

“माझी मुलगी वर आहे,” मिन म्हणाली आणि फोनही न घेता बाहेर पडली.

आजीचं दार लोटलेलंच होतं, गावची सवय. आत ऊब होती, छान सुस्तावणारी. आजी टेबलाशी ताठ बसून झोपली होती आणि तिच्या मांडीला टेकून दोउदोउ. मुलीने अंगावर उलटी केली होती आणि हाक मारली तरी मान सावरत नव्हती. मिनने आधी मुलीला उचललं. बाहेर गॅलरीत नेलं, पाठीवर थोपटलं, थंड हवेत तिचं तोंड धरलं. पोर रडेपर्यंत तिला आजीची आठवण नव्हती. मग तिने जिन्यात ओरडून शेजारच्या यांगला बोलावलं आणि दोघींनी मिळून म्हातारीला ओढत बाहेर आणलं.

दोउदोउ इस्पितळातून लवकर घरी आली. आजीला वेळ लागला. परत आली तेव्हा वस्तूंची नावं विसरायची, खिडकीला दार म्हणायची, पण माणसं ओळखायची. डॉक्टर म्हणाले की तुमची मुलगी तिथे होती म्हणून म्हातारी वाचली, एकटी असती तर कुणी वर गेलंच नसतं. मिनच्या डोक्यातून हे वाक्य जात नाही.

ज्या यंत्रणेने कित्येक महिने आग मिरवली तिनेच ती दुसऱ्या दिवशी बंद केली. यात कुणाला नवल वाटलं नाही. सकाळी हुकूम, दुपारी ट्रक. लाल फितींची घमेली इमारतीखाली रचली गेली. पथक येण्याआधी प्रत्येक घरी विजेवर तापणारं टेबल पोचलं, फुकट. असं काम इतक्या झपाट्याने दुसरं कोणी करू शकलं नसतं, हे मिन मानते. सामानाबरोबर खाली आलेल्या लोखंडी तिपायाही जमा करायच्या होत्या, म्हणजे पुन्हा आग मांडायचा प्रश्नच नको. आजीची तिपाई आणायला मिनलाच जावं लागलं.

आजीने ती पलंगाखालून काढून दिली. रडली नाही, खोटंही बोलली नाही. मिनने विचारलं नव्हतं तरी म्हणाली, “या वेळी पुरायला माती नाही.”

मिन तिपाई घेऊन जिना उतरली. मधल्या मजल्यावर शि काका भेटले. त्यांनी तिच्या हातातलं ओझं बघितलं, तिपाईचा एक पाय धरला आणि दोघांनी मिळून ती खाली नेऊन ट्रकवर ठेवली.

तालुका तपासणीत पास झाला. रात्रभर फटाके वाजले. मिनचं कौतुक झालं, आणि वसंतात तिला दूरच्या दुसऱ्या तालुक्यात पाठवलं, गावं पुन्हा भरभराटीला आणायच्या नव्या मोहिमेवर. आजीच्या दारावरचा तिचा फोटो काढून एका तरुण मुलाचा लावला गेला. मुलगा चांगला आहे, पण त्याच्याकडे सबंध इमारत आहे. शि काका आपल्या लेकाकडे दक्षिणेला राहायला गेले. शेजारच्या यांगला कारखान्यात दोन पाळ्या असतात.

थंडी पुन्हा सुरू झाली आहे. विजेचं टेबल आजी लावत नाही, दिवा लाल झाला की तिला मीटर ऐकू येतं म्हणे. कोळसा बाजाराच्या कोपऱ्यावर अजून मिळतो, कारण डोंगराकडच्या उरलेल्या गावांना तो लागतो. मिन फोन करते तेव्हा आजी म्हणते सगळं ठीक आहे, आणि कशाला ठीक म्हणते ते तिचं तिला ठाऊक. मिन त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला गाठते, ट्रकवाल्यांना, नर्सना, लसूण विकायला जाणाऱ्या बायकांना. सगळ्यांना तीच विनंती करते, आणि तुमचंही कधी तिकडे जाणं झालं तर तुम्हालाही तीच आहे.

सौख्य वसाहतीत शाळेच्या भिंतीला लागून एक इमारत आहे, तिच्या पाचव्या मजल्यावर जा. लोंग आजी म्हणून विचारा. दार ठोठावत बसू नका, ते लोटलेलंच असतं. आत गेलात की आधी खिडकी उघडा, मग रजई उचलून टेबलाखाली बघा. म्हातारी चिडेल, तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारेल. मारू दे. बोलते आहे, एवढं मिनला कळवा.