धुरावर जगणारा पाहुणा

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतींना जुन्या टायरांचा वास अजून होता. त्यांवर पांढऱ्या चादरी टांगून फुंकरबाबांनी गोदामाचं शांतिगृह केलं होतं. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होते, आणि बघण्यासारखं होतंच तसं. मंचावर घड्याळवाला बसला होता. गप्प.

दोन वर्षं हा माणूस भिंतीशी भांडत होता. घड्याळं आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणून त्यानं दुकानातलं एकूण एक घड्याळ बंद पाडलं होतं. एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटायची. तोच आता मांडीवर हात ठेवून बसला होता.

"याच्या आत एक पाहुणा मुक्कामाला होता," बाबा मधात घोळवलेल्या आवाजात म्हणाले. बोलताना ते डोळे मिटत, पण एक डोळा अर्धवटच. गर्दीचा अंदाज घ्यायला तेवढा पुरे. "पाहुणा जगत कशावर होता? धुरावर! मी धूर तोडला, कपाळावर एक फुंकर घातली, आणि पाहुण्यानं गाशा गुंडाळला. औषध किती दिलं? एक गोळी नाही!"

टाळ्या कडाडल्या. दाराशी निळा प्लॅस्टिकचा टब होता. बरं व्हायचं असेल त्यानं आपली औषधं त्यात टाकून आत यायचं, असा इथला नियम.

खांबाला टेकून उभ्या असलेल्या इस्त्रीवालीनं टाळी वाजवली नाही. घड्याळवाला तिचा धाकटा भाऊ. तिच्या खिशात त्याच्या गोळ्या होत्या. टबात तिनं रिकामं पाकीट टाकलं होतं आणि तो राहायचा त्या गोदामामागच्या खोलीत रोज सकाळी ती त्याला नेहमीची गोळी देत होती.

लपवणं जमेना तेव्हा तिनं बाबांपाशी कबूलही केलं होतं. बाबा रागावले नाहीत. उलट हसले.

"द्या हो, ताई. पण गुपचूप. लोकांची श्रद्धा कोवळी असते, तिला ऊन लागू देऊ नये."

"मग मंचावरून एक गोळी नाही असं का सांगता?"

"गोळी आधीही चालूच होती ना? तेव्हा का नाही गेला पाहुणा?"

तिनं मनाशी हिशेब मांडला. गोळी तीच, भाऊ तोच. नवीन काय, तर बाबा. हिशेब चोख वाटला. त्यातून सिगारेट वजा झाली आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पण गेले काही दिवस वेगळंच दिसत होतं. भावाच्या तोंडातून लाळ गळायची. चमचा हातातून निसटायचा. हाक मारली तर विहिरीच्या तळातून आल्यासारखी ओ यायची. बाबा म्हणत, "परमशांती!" तिला वाटे, शांत माणूस निदान डोळ्यांनी तरी घरी असतो. हा कुठे आहे?

दाराशी बेकरीवाली आली होती. तिच्या मुलीला फिट्स येत. तिनं मुलीच्या गोळ्यांचं पाकीट टबात टाकलं आणि हात जोडले. त्याच वेळी मंचावर धप्प आवाज झाला.

घड्याळवाला खाली पडला होता. हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस.

"घाबरू नका!" बाबा ओरडले. "पाहुण्याचं शेवटचं सामान निघतंय! दार उघडा, वाट द्या!"

लोकांनी खरोखर वाट दिली. त्या वाटेनं इस्त्रीवाली धावली.

"सामान कसलं, माणूस चाललाय माझा! गोळ्या चालू आहेत त्याच्या! मी देतेय, आणि यांना माहीत आहे! अरे, कुणी गाडी आणा!"

दवाखान्यात झटके थांबले. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "सिगारेट कधी सोडली यानं?"

"तिथं नेलं तेव्हापासून. एकदम. का हो?"

"तुमच्या दुकानात कपडे उरकायला दहा माणसं आहेत असं धरा. उद्या आठ निघून गेली आणि कपडे तेवढेच येत राहिले, तर?"

"ढीग साचेल."

"तेच झालं. सिगारेटच्या धुरानं यकृतात जादा माणसं कामाला लागतात, आणि ती हे औषध भराभर उरकून टाकतात. म्हणून दोन वर्षं गोळी पुरी पडत नव्हती आणि आम्ही ती वाढवत गेलो. धूर थांबला, माणसं घरी गेली. तीच गोळी रक्तात साचू लागली. आधी गुण आला, तो तुम्ही पाहिलात. मग विष झालं, तेही पाहिलंत."

"मग ती फुंकर?"

"फुंकरीनं चहा निवतो, बाई."

इस्त्रीवालीला हसू आलं आणि त्यातच रडूही फुटलं. "म्हणजे सिगारेटच बरी होती?"

"छे! ओढून त्याला घटकाभर बरं वाटायचं, आणि तीच औषध पळवायची. सोडलीत ते उत्तम. फक्त आम्हाला सांगून सोडायची. आता गोळी कमी करते. बंद मात्र करायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदामात गेली. गर्दी होतीच. तिनं सगळं सांगितलं, इस्त्रीच्या दुकानासकट.

"धूर तोडायला मीच सांगितलं होतं!" बाबा गरजले. "गुण माझाच!"

"सांगितलंत खरं. पण गोळी चालू आहे हे लपवलंत. डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर तो पडला नसता." मग ती लोकांकडे वळली. "मीही तोंड शिवून बसले, तेवढी चूक माझी. ज्याला बरं वाटलं त्यानं आधी विचारा, नक्की काय बदललं? आणि जो म्हणतो विचारू नका, त्याच्या दारात औषध टाकू नका."

बाबांचे दोन्ही डोळे आता सताड उघडे होते.

मग बेकरीवाली उठली. टबात कोपरापर्यंत हात घालून आपल्या मुलीचं पाकीट शोधू लागली. तिच्यामागे एक म्हातारा उभा राहिला, मग आणखी कुणी.

संध्याकाळी भावानं डोळे उघडले, आणि या वेळी त्या डोळ्यांत तो होता.

"ताई, आवाज पुरते गेले नाहीत गं."

ती जवळ सरकली. "काय म्हणतात?"

"ऐकू नीट येत नाही. दुसऱ्या खोलीत बोलल्यासारखे." त्यानं तिचा हात धरला. "तू कुठे जाऊ नकोस. आणि डॉक्टरांना सांग, हेसुद्धा."

ती तशीच उठली आणि सांगायला गेली.