काकडीचा वेल शेवटून पहिला

आमचे जावई घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचत नाहीत. स्वतःच्या लग्नालाही ते उशिरा आले होते. तेव्हाच आमच्या हिने मनाशी धरलं की या माणसाला कुणीतरी हाताला धरून चालवायला हवं. ते कुणीतरी म्हणजे आपणच, याबद्दल तिला कधी शंका नव्हती.

पण जावई शिरले पळणाऱ्यांच्या गटात. तिथे सगळे त्यांना तासकाटा म्हणत. गटाची कप्तान एक दंतवैद्य बाई. चढ आला की ती मागे वळून गोड हसायची आणि म्हणायची, "आता थोडंसं दुखेल हं!" त्या हसण्याच्या धसक्यानेच भलेभले चढ चढून जायचे.

एकदा या बाईंच्या डोक्यात आलं की नुसतं पळून काय उपयोग? बसडेपोच्या मागे वस्तीची भाजीबाग होती, पण राबायला माणसं नव्हती. मग ठरलं की दर रविवारी तिथवर पळत जायचं, बागेत काम करायचं आणि पळत परत यायचं.

काम त्यांनी मनापासून केलं, यात वाद नाही. अडचण एवढीच की पळणाऱ्या माणसाला उभं राहता येत नाही. अंग थंड पडतं म्हणे! म्हणून ते खुरपतानाही वाफ्यात जागच्या जागी पळायचे. एका हातात झारी, गुडघे छातीपर्यंत, आणि पाणी शेजारच्याच्या बुटात. थोड्याच दिवसांत माती अशी काही घट्ट झाली की पेरलेला वाटाणा टणकन उडून परत मुठीत यायचा. एकाने रागाने कुदळ मारली, तर ती हातातून सुटून डेपोच्या पत्र्यावर जाऊन बसली. अजून तिथेच आहे.

उगवलं ते फक्त एका कोपऱ्यात. कारण जावई पोचायचे तेव्हा बाकीचे परत निघालेले असायचे. जावई कुंपणाजवळच्या त्या कोपऱ्यात आडवे व्हायचे, बाटलीत उरलेलं साखर-मीठ-लिंबाचं पाणी मातीत ओतायचे आणि म्हणायचे, "घे बाबा, तू तरी ताजातवाना हो." तिथे कुणी नाचत नव्हतं, माती मऊ होती. कुठूनसं पडलेलं काकडीचं बी तिथे रुजलं. पळणाऱ्यांचं पाणी पिऊन वाढलेला वेल तो! सकाळी कुंपणाच्या या खांबावर, तर दुपारी पलीकडच्या.

आता खरी गोम ऐका. गटात एक नियम होता. वार्षिक दौडीत जो सगळ्यात शेवटी रेषा ओलांडेल, त्याने पुढचं वर्षभर चालणाऱ्यांच्या गटात जायचं. आणि चालणाऱ्यांच्या गटाची प्रमुख होती आमची ही.

जावयांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याकडे येऊन काकुळतीला आले. "बाबा, पळताना निदान धाप लागलीय म्हणून गप्प बसता येतं. आईंबरोबर चालायचं म्हणजे रोज सकाळी गुडघेदुखीची कथा, तीही पहिल्यापासून! आणि त्यांच्या गटाला वाटेत बसायला लागणाऱ्या घडीच्या खुर्च्या माझ्या दोन्ही खांद्यांवर."

"मी ती कथा लग्न झाल्यापासून ऐकतोय," मी म्हटलं.

"तुम्हाला ऐकू कमी येतं, बाबा. मला नाही."

दौडीच्या दिवशी जावई शहाणपणा करून सगळ्यांच्या आधी बागेत पोचले. दौड तिथूनच सुटणार होती. वेळ आहे म्हणून कोपऱ्यात जरा पाठ टेकली आणि लागला की डोळा! बाईंची शिट्टी वाजली, सगळे सुटले, आणि जावई उठून बघतात तर वेलाने घोट्याला विळखा घातलेला.

बाई छाटणीची कात्री घेऊन माघारी धावल्या. "थोडंसं दुखेल हं!"

"थांबा!" जावई ओरडले. वेलाचा तो बारीक ताणा त्यांनी बोटांत धरून उन्हात बघितला. "अहो, ही घड्याळातली कमान आहे हुबेहूब. काय पीळ आहे! चालू कमानीला कात्री लावतं का कुणी?"

"मग शेवटचे याल."

"येईन," म्हणाले आणि निघाले. मागोमाग वेलही निघाला.

मी सायकलला पाण्याचा कॅन लावून सगळ्यांच्या मागे होतो, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जावई एक पाऊल टाकत, वेल एक पान टाकत होता. शिंप्याच्या दुकानाशी त्याला फूल आलं, बँकेच्या पायऱ्यांशी काकडी धरली. चौकात लाल दिवा लागला, तसे दोघेही थांबले. लोक फुटपाथवरून काकड्या तोडून खात होते. त्यांतल्या एका आजोबांनी तर "मीठ आहे का?" म्हणून मलाच थांबवलं. शेवटच्या चढावर जावयांचा दम संपला, तेव्हा वेलाने त्यांना मागून चक्क ढोसलं. दोनदा!

वाचनालयाच्या दारात हिने खडूने रेषा मारली होती. बाकीचे कधीच पोचून केळी खात बसले होते. चालणारी मंडळी खुर्च्या टाकून वाट बघत होती आणि एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. जावई रेषा ओलांडून कोसळले. हिने शिट्टी तोंडाला लावली.

"थांब," मी सायकलवरूनच ओरडलो. "अजून एक जण यायचाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जावयांच्या घोट्याचा तो ताणा लांबून लांबून तारेसारखा झाला होता, आणि वेलाचा शेंडा रेषेच्या अलीकडे घुटमळत होता. मग शांतपणे, कसलीही घाई न करता, त्याने रेषेवर एक पान ठेवलं. मग दुसरं.

"अहो, हा काय चावटपणा?" हिने मला झापलं. "वेल कधी शर्यतीत असतो?"

"काकू," दंतवैद्य बाई पुढे आल्या, "शिट्टीला बागेतून हा निघाला. एकही गल्ली चुकवली नाही. कुणाच्या सायकलवर बसला नाही. हे मागचे तिघे बसले होते, मी पाहिलंय."

केळी खाणारे तिघे एकदम बुटांच्या नाड्या बांधू लागले.

ही वाकली. हिच्या निकालात आजवर कुणाची वशिलेबाजी चाललेली नाही, माझीही नाही. रेषा तपासावी म्हणून तिने बोट टेकवलं आणि वेलाने हळूच त्या बोटाला वेढा घातला. ही गप्प झाली. आमच्या घरात असं कधी होत नाही, म्हणून मी सायकल स्टँडला लावली.

"इतक्या लांब आलास?" ती त्याला म्हणाली. "दमला असशील. माझाही गुडघा असाच दुखतो बघ. सुरुवात कशी झाली सांगू?"

वेल ऐकत राहिला. पान न हलवता!

कथा संपेस्तोवर जावयांनी श्वास रोखून धरला होता. मग ही उठली, शिट्टी वाजवली आणि जाहीर केलं, "शेवटचा हा! उद्यापासून माझ्या गटात."

जावई जे उठले ते आनंदाने पुन्हा बागेपर्यंत पळत गेले, आणि म्हणे त्या धावेत पहिले आले. अर्थात बरोबर कुणी नव्हतं.

तेव्हापासून चालणाऱ्यांचा गट रोज सकाळी वेलाबरोबर निघतो. तो जितका वाढेल तितकं चालणं. खुर्च्याही आता तोच वाहतो, पानांत अडकवून. ही त्याला लाडाने जावईबापू म्हणते. खरे जावई रविवारी घरी जेवायला उशिरा येतात, तेव्हा त्यांच्यासमोर काकडीची बशी आपटून म्हणते, "शिका जरा त्यांच्याकडून. सकाळीच येऊन बसलेत खिडकीत!"