दोघे तडीपार

रूपाली कुरणे कळंब्यात राहायची आणि शहरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. घरी आलं की चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडायचा आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला बसायचं, हा तिचा छंद. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं खोडावं. पगार कुणालाच नाही. तिथं तिनं नाव घेतलं होतं ‘पिंपळपान’.

या पिंपळपानाचं दोन वर्षं एकाच माणसाशी भांडण चालू होतं. तो माणूस पिराजी चौगुले या आपल्या खऱ्या नावानंच लिहायचा. भांडण होतं पन्हाळ्याच्या बाजूच्या एका लहानशा लेण्यावरून. रूपालीनं लिहावं, ‘हा प्राचीन बौद्ध विहार आहे.’ दुसऱ्या दिवशी पाहावं तर तिथं ‘हे शिलाहारकाळातील शिवमंदिर आहे.’ ती पुन्हा विहार करायची, तो पुन्हा मंदिर करायचा. लेखाच्या चर्चापानावर तर नुसती जुंपलेली.

‘अहो पिंपळपान, आत पिंड आहे ती दिसत नाही का? चष्मा बदला.’

‘पिंड मागाहून बसवलेली आहे, चौगुले. भिंतीलगत झोपायचे ओटे कोरलेत ते कुणासाठी? नंदीसाठी?’

पण गडी कच्चा नव्हता. जुन्या ग्रंथांचे संदर्भ पानाच्या आकड्यासकट द्यायचा. त्याला उत्तर द्यायचं म्हणून रूपाली सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जायला लागली होती. ब्राह्मी अक्षरं ओळखायला शिकली तीही त्याच्याच रागानं.

मग एकदा तिनं विहार लिहिला आणि तो विहारच राहिला. आठवडा गेला तरी कुणी हात लावला नाही. खरं तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ती दवाखान्यात मधल्या सुट्टीतसुद्धा फोन काढून तो लेख उघडायला लागली. शेवटी चर्चापानावर लिहिलं, ‘चौगुले, बरे आहात ना?’ उत्तर आलं नाही.

त्याच्या ओळखीच्या पानावर एवढंच होतं: मुक्काम कोडोली, पशुखाद्याचं दुकान. रविवारी तिनं स्कूटर काढली.

दुकान बंद होतं. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. पिराजींच्या पत्नी, बनाबाई. “कोण पावणं? आत या की,” म्हणाल्या. आत खाटेवर काळा चष्मा लावलेले एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते.

“काका, मी पिंपळपान.”

पिराजींनी आवाजाकडं मान वळवली. मग म्हणाले, “तू? मला वाटलं हुतं, पुण्याचा कोण म्हातारा प्रोफेसर आसंल.”

“मोतीबिंदू काढलाय,” बनाबाईंनी सांगितलं. “डाक्टरनं म्हैनाभर वाचायचं न्हाय म्हणून बजावलंय. तर ह्यांचं रोज एकच. त्या पिंपळपानानं काय लिवलं आसंल गं?”

“काय लिवलंस?” पिराजींनी विचारलं.

“विहार.”

“आनि कुणीच खोडलं न्हाय?”

“नाही.”

“वंगाळ झालं,” पिराजी म्हणाले. “वाच, मी सांगतो ते लिव.”

तिनं लॅपटॉप उघडला. त्यांनी सांगितलेला पासवर्ड टाकून त्यांच्या खात्यानं आत शिरली आणि ते सांगतील तसा स्वतःच्याच विरोधात मजकूर लिहायला लागली.

“पिंपळपान यांचा दावा बिनबुडाचा हाय. लिव.”

“काका, बिनबुडाचा जरा लागतंय.”

“लागू दे की. लिव तू.”

तिनं लिहिलं. मग तिथंच बसून, बनाबाईंचे पोहे खात, आपल्या खात्यावरून त्याला सणसणीत उत्तर दिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. पिराजी खुशीत मांडीवर थाप मारत होते. निघताना ते म्हणाले, “फुडच्या रविवारी येतीस न्हवं?”

ती दर रविवारी जायला लागली. एकदा बोलता बोलता पिराजी म्हणाले, “माझी आई श्रावणात दर सोमवारी तिथं दिवा लावायला जायची. मी तिच्या पदराला धरून. मंदिर न्हाय म्हटलं की आईच खोटी पडल्यागत वाटतंय बघ.”

रूपालीनं लॅपटॉप मिटला. “माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ना, पहिली वंदना त्यांनी त्या लेण्यात म्हटली. त्याआधी लेण्याच्या टेकडीची वाटसुद्धा त्यांना बंद होती.”

“ह्ये कधी लिवलं न्हाईस तू.”

“आजोबा संदर्भ म्हणून चालत नाहीत, काका.”

“व्हय,” पिराजी म्हणाले. “आईबी चालत न्हाय.”

त्यानंतरच्याच रविवारी दोघांचीही खाती उघडेनात. ज्ञानकोशाचे प्रचालक, म्हणजे तिथले व्यवस्था पाहणारे, राजवर्धन यांचा निरोप येऊन पडला होता. दोन्ही खाती एकाच संगणकावरून चालतात. सबब पिंपळपान आणि पिराजी चौगुले ही एकच व्यक्ती असून ती स्वतःशीच भांडते आहे. दोन्ही खाती तडीपार.

“मी आनि ही येकच?” पिराजी खाटेवरून उठलेच. “मी म्हणीन का कधी विहार?” बनाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या.

दुसऱ्याच्या खात्यावरून लिहिणं नियमाबाहेरचं होतं, ते रूपालीनं कबूल केलं आणि राजवर्धनना सगळं कळवलं. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक थकलेला तरुण दिसला.

“तुम्ही दोघं आहात, ते दिसलं,” राजवर्धन म्हणाले. “पण लेखाचा वाद खरा कशावरून?”

“खरा म्हंजे? आवो, हिला ओटा आनि बैठक ह्यातला फरक कळत न्हाय!”

“काका, एवढी रुंद बैठक कुठं असते का? माणूस पाय पसरून झोपतो त्यावर.”

“तू झोपलीयास काय तिथं?”

“लहानपणी झोपलेय!”

“मग त्यो संदर्भ न्हाय!”

बराच वेळ राजवर्धनना बोलायला फट मिळाली नाही. मिळाली तेव्हा ते हसत होते. “खाती सुरू करतो,” ते म्हणाले. “पण पासवर्ड पुन्हा कुणाला द्यायचा नाही. आणि पहिलं वाक्य दोघांनी मिळून लिहायचं.”

ते वाक्य जुळायला तीन रविवार लागले. आता लेखाच्या सुरुवातीला लिहिलंय, की लेण्याच्या मूळ स्वरूपाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. खाली दोन परिच्छेद. आधी कुणाचा, यावरून झालं तेवढं भांडण पुरे म्हणून बनाबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. रूपालीचा आधी आला.

पिराजींची दृष्टी आता स्वच्छ झाली आहे. हल्ली ते एका किल्ल्याच्या बांधकामाच्या सालावरून साताऱ्याच्या कुणाशी तरी भांडताहेत. परवा रूपाली दवाखान्यात असतानाच त्यांचा फोन आला.

“त्यो सातारकर लई माजलाय. तू माझ्या बाजूनं लिव बघू.”

रूपालीनं पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं. फोनवरच तो वाद उघडून वाचला. “काका, त्याचं बरोबर आहे.”

पिराजींनी फोन ठेवून दिला. तिनं पेशंटचा एक्स-रे काढला, प्लेट बदलली, तेवढ्यात पुन्हा वाजला.

“कसं काय बरोबर, ते सांग.”