बॉयलरशेजारची खुर्ची

पुतणीचं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या धुलाई कारखान्यात मोबाईलवरची तक्रारपेटी आली. इंजिनिअरने सगळ्यांना, मॅनेजरांनाही, समजावलं, "निरोपावर शिक्का उमटेल की लिहिणारा आपल्यातलाच आहे. कोण, ते कुलपात. निरोप खोटा ठरला तरच कुलूप उघडायचं, तेही तीन चाव्या एकत्र आल्या तर." चावी म्हणजे पाठ करायचे बारा शब्द. एक मला मिळाली, एक शिंप्याला, एक माझ्या वहिनीला.

लगेच निरोप आला: 'बॉयलरचा व्हॉल्व्ह गळतोय. एक दिवस फुटेल.' तो वहिनीचा होता. लिहायला तिने माझाच चष्मा नेला होता.

मॅनेजर खवळले. "नाव काढा! आजच घरी बसवतो."

वहिनीच्या घरी दादा अंथरुणाला खिळलेला, पोरीचं लग्न तोंडावर, पगार हिचा एकटीचा. पण चेहरा इस्त्री केल्यासारखा. "काढू की साहेब. निरोप खोटा आहे तेवढं दाखवा."

"फुटणार नाही, हे कसं दाखवू?"

"वाट बघायची," शिंपी म्हणाला.

मॅनेजरांनी खुर्ची बॉयलरला खेटून ठेवली. मागून टेबल आलं, टेलिफोन आला, बायकोचा फोटो आला. येईल त्याला विचारायचे, "बघा, फुटला का?" वाफेने फोटोतल्या बाईंचे केस कुरळे झाले. व्हॉल्व्ह फुसफुसला की ते दरडावायचे, "गप्प बस!" दुरुस्त करावा तर निरोप खरा ठरतो.

"भाऊजी, हा माणूस शिजेल हो," वहिनी म्हणाली. "मी सांगून टाकते."

"आणि पोरीचं लग्न?"

"मढ्यावर पाय देऊन मांडव घालू?"

ती पदर खोचून निघाली, तोच सगळ्यांचे मोबाईल वाजले. शिक्क्यासह निरोप होता: 'व्हॉल्व्ह आजच बदलावा. मला फार भीती वाटते. आज्ञेवरून.'

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"कुणी लिहिलं असेल बरं?" शिंपी म्हणाला.

"शोधायचं नाही!" बॉयलरमागून मॅनेजर ओरडले. "गुप्त असतं ते!"

व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदलला. पहिल्या निरोपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. लग्नाला मॅनेजर जोडीने आले. बाईंचे केस खरोखरच कुरळे झाले होते.

ते कुलूप आता कुणालाच उघडता यायचं नाही. वहिनी गेल्या वर्षी थंडीत, पहाटे, आपल्या बारा शब्दांसकट वारली.