तळ्यात सोडलेला बिंडा

मी एक जुना ओंडका आहे, असं काठावरून तुम्हाला वाटेल. हिरव्या सायीत रुतून बसलेलं, अर्धं बुडालेलं काहीतरी. पण मित्रांनो, मी ओंडका नाही. मी पांगाऱ्याचा बिंडा आहे. जी मुलं शहरात फरशा बसवलेल्या तलावात पोहायला शिकली, त्यांना बिंडा म्हणजे काय ते सांगायला हवं. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की फार हलकं होतं. त्याचा हातभर तुकडा तासून दोरीने मुलाच्या पाठीवर बांधायचा आणि मुलाला पाण्यात सोडायचं. मूल घाबरतं, हातपाय झाडतं, आईच्या नावाने ओरडतं, पण बुडत नाही. बुडू न देणं एवढंच माझं काम, आणि ते मी कधी चुकवलं नाही.

शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आणि गावाला लागून आमचं तळं. याच तालुक्यात तानसाचं मोठं धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं, म्हणून त्याला पहारेकरी आहेत. आमच्या तळ्याला पहारेकरी नव्हता. त्याला कोंडू होता.

कोंडू भातशेती करणारा. त्याच्या शेताच्या बांधावर माझं झाड होतं. काटे भरपूर, पण फुलं अशी लाल की पाखरं भांडायची. १९९० साली वाऱ्याने त्याची एक फांदी मोडली आणि कोंडूने सरपणातून मला वेगळं काढलं. त्याची मुलगी नम्रता तेव्हा दहा वर्षांची होती. माझे काटे त्याने कोयत्याने सोलले, कडा गुळगुळीत केल्या. मग मला तिच्या पाठीवर बांधून तो म्हणाला, "उतर गो बाय. तू बुडाया गेलीस तरी ह्यो तुला बुडू देनार नाय."

नम्रता चटकन शिकली. मग शेजारचा दामू आला. हा दामू इतका भित्रा, की गुडघाभर पाण्यातही मला मिठी मारून उभा राहायचा. त्याला शिकवताना माझी दोरी दोनदा तुटली. पुढे गावातली झाडून सगळी पोरं माझ्या हाताखालून गेली. हात नाहीत मला, पण म्हणायला काय हरकत आहे?

आमच्याकडे एक रीत होती. मूल तयार झालं की कोंडू मला त्याच्या पाठीवरून सोडवायचा आणि जोर लावून तळ्यात लांब फेकायचा. आता मुलाने एकट्याने पोहत जायचं आणि मला परत आणायचं. याला 'बिंडा सोडणं' म्हणत. त्या दिवशी सारं गाव काठावर जमायचं. मूल मला ओढत काठाला आलं की कोंडूची बायको गुणाबाई त्याच्या हातावर गूळखोबरं ठेवायची. त्यातलं चिमूटभर आधी तळ्याला, मग तोंडात. किती पोरं माझ्यामागे पोहत आली असतील! त्यांचे धापा टाकणारे, भिजलेले, हसरे चेहरे मी सगळ्यांत आधी पाहिले. मित्रांनो, एवढं सुख फार थोड्या लाकडांच्या वाट्याला येतं. पावसाळ्यात मी गुणाबाईच्या चुलीवर, धुरात टांगलेला असायचो. त्यामुळे मला कीड लागली नाही.

नम्रताचं लग्न झालं, ती मुरबाडला गेली. तिला वैष्णवी झाली. तेव्हापासून कोंडूला एकच ध्यास लागला. नातीला आपण शिकवायचं आणि तिचा बिंडा आपल्या हाताने सोडायचा. "मंग डोळं मिटलं तरी चालतील," तो म्हणायचा. गुणाबाई त्याच्यावर चिडायची, "काय तरी बोलतास अभद्र!"

मधल्या काळात तळ्याच्या पलीकडच्या काठाला बंगले उठले. शनिवार-रविवारी मोटारी येऊ लागल्या. हिरवळीला खतं पडू लागली, संडास-मोऱ्यांचं पाणी उतारावरून गुपचूप खाली येऊ लागलं. आमच्या बाजूने भातखाचरांचं खतही पावसात तळ्यातच येत होतं, हे लपवत नाही. तळं सगळं पोटात घेत राहिलं.

२००७ च्या मे महिन्यात वैष्णवी आजोळी आली. सहा वर्षांची, दोन शेंड्या, अखंड बडबड. आणि त्याच आठवड्यात तळं हिरवं झालं. रंगाऱ्याने डबा उपडा करावा तसं. वास असा की म्हशी काठावरून मागे फिरल्या.

मग सांगणारे आले. जीपमधून एक साहेब आले, काठीला लाल फडकं बांधून गेले. पाण्यात उतरू नका म्हणाले. दोन दिवसांनी दुसरे आले. ते म्हणाले, साधं शेवाळ आहे, पावसात वाहून जाईल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं गेलं, 'पाणी वापरण्यास हरकत नाही'. पलीकडच्या काठावर तर मोठा रंगीत फलक लागला, 'नौकाविहार व पोहणे सुरू'. एका वर्तमानपत्रात तळं विषारी होतं, दुसऱ्यात सुंदर. मुरबाडच्या एसटी स्टँडवर तिसरीच बातमी. बरं, यातलं कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असंही मला वाटत नाही. पाण्यावरची ती हिरवी साय वाऱ्याबरोबर हिंडायची. सकाळी आमचा काठ नितळ, दुपारी पलीकडचा. ज्याने जेव्हा जिथून पाहिलं, तेच त्याने सांगितलं. तळं पूर्ण फिरून कोणी पाहिलं नाही.

कोंडू हैराण झाला. "येक म्हनतो उतर, येक म्हनतो उतरू नको. आमी कुनाचं ऐकायचं?"

"कुनाचंच नको," गुणाबाई म्हणाली. "पुढल्या वर्षी शिकव. पोर काय पलून जात नाय."

पण सुट्टी संपत आली होती. शेवटी कोंडू स्वतः उतरला. बराच वेळ पोहला, काठावर येऊन बसला, रात्रभर वाट पाहिली. त्याला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नितळ होतं. कोंडूने मला वैष्णवीच्या पाठीवर बांधलं. ती अजिबात घाबरली नाही, उलट मलाच "नीट धर हां" म्हणाली. तिच्या आईपेक्षाही ती पाण्याला सरावलेली वाटली. आम्ही तिघं रमलो. पाठीमागून वारा फिरला, हे आमच्या लक्षात आलं नाही. हिरवी साय आमच्याभोवती आली तेव्हा वैष्णवी खिदळत होती, आणि त्या खिदळण्यात तिने दोन घोट गिळले.

संध्याकाळपासून तिला उलट्या सुरू झाल्या. अंगभर लाल चट्टे उठले. दामू आता वडापची जीप चालवायचा. त्याने बाकीच्या सवाऱ्या उतरवल्या आणि तिला शहापूरला नेलं. गडबडीत मी तिच्या ओल्या कपड्यांबरोबर जीपमध्येच राहिलो, म्हणून दवाखान्याच्या दारातलं बोलणं मी ऐकलं. डॉक्टर रागावून विचारत होते, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"सांगलं ना, डाक्तर," कोंडू म्हणाला. "सगल्यांनी सांगलं."



वैष्णवी चार दिवसांत बरी झाली. नम्रता वडिलांना एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पुढच्या मे महिन्यात ती पोरीला घेऊन आली नाही. क्लास आहे, म्हणाली. कोंडूने मला चुलीवरून उतरवलं, नवी दोरी बांधली आणि पडवीत ठेवलं. पाऊस लागल्यावर परत टांगलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही हेच झालं. गावातल्या इतर पोरांनाही कोणी पाण्यात सोडेना. दोन उन्हाळ्यांत एकही मूल पोहायला शिकलं नाही.

२००९ च्या दिवाळीनंतर कोंडू गेला.

त्याचा दहावा तळ्याच्या काठावर झाला. आजवर गावात कोणाचाही दहावा असला की माणसं तळ्यात बुडी मारायची. पण लाल फडकं केव्हाच उडून गेलं होतं, फळ्यावरचा खडू पुसला होता. कोणी म्हणालं, आता पाणी चांगलं आहे. कोणी म्हणालं, कालच कोणाचं तरी वासरू आजारी पडलं. शेवटी दामूने जीपमधून विहिरीच्या पाण्याचे ड्रम आणले. ज्या माणसाने साऱ्या गावाला पोहायला शिकवलं, त्याच्या दहाव्याला गाव काठावर बसून तांब्याने अंघोळ करत होतं. मी ते पाहिलं. देव करो, तसलं काही तुम्हाला पाहायला न लागो.

मला गुणाबाईनेच आणलं होतं. तिने मला नम्रताच्या हातात दिलं. "तेवढा सोडून दे गो. त्येंचाच हाय तो."

नम्रताने मला फेकलं. बापासारखंच, जोर लावून, लांब. मी पाण्यावर पडलो आणि सवयीने काठाकडे पाहिलं. दामू उभा होता, माझी सगळी पोरं उभी होती, आता बाप्ये झालेली. सवयीने ती सगळी पुढे सरकली आणि पाण्याच्या कडेला येऊन थांबली.

एकटी वैष्णवी पुढे आली. तिने चपला काढल्या. नम्रताने तिचा दंड घट्ट धरला. "नको गो."

"पण आई, आबा म्हणायचे, बिंडा आपणच जाऊन आणायचा असतो."

नम्रताने तिचा दंड सोडला नाही. कदाचित त्या दिवशी पाणी चांगलंही असेल. कोणाला ठाऊक होतं?

तेव्हापासून मी इथेच आहे. साय माझ्यावर चढते, उतरते. लाकूड आता फुगलंय, पूर्वीसारखा तरंगत नाही. मित्रांनो, तुमच्या गावातही एखादं तळं असेल. त्यात काय सोडायचं नाही, ते मोठ्यांना विचारत बसू नका, तुम्हीच ठरवा. आणि उद्या तुम्ही साहेब झालात, तर पाण्याबद्दल सांगण्याआधी तळ्याला पूर्ण एक फेरी मारा. पाणी चांगलं असेल तर चांगलं म्हणा, वाईट असेल तर वाईट म्हणा, पण सगळे मिळून एकच सांगा. तुमच्या शब्दावर कोणीतरी आपली नात पाण्यात सोडत असतं.

आणि हे तळं कधी निवळलं, तर मुरबाडला वैष्णवीला निरोप द्या. तिचा बिंडा सोडून झालाय. ती येऊन मला नेईल म्हणून मी अजून बुडालेलो नाही.