वाफ्याच्या पलीकडची आत्या

“बाय, भाजी लाव. महिन्या-दीड महिन्यात ताटात येते. हे दोन वर्षांचं काम. दोन वर्षांत कोन कुठं असेल, कोनाला ठाऊक?”

सासऱ्यांनी, निकोलसबाबांनी, असं म्हटलं तेव्हा आग्नेस हसली होती. “दोन वर्षं म्हणजे काय हो बाबा? बघता बघता जातील.”

सांडोरच्या त्यांच्या वाडीत केळी, पानवेल, वांगी. फुलं लावायची ती विकण्यापुरती. आणि ही मुंबईच्या कॉलेजात शिकून आलेली सून विहिरीजवळचा चांगला वाफा अडवून गुलखैरा लावायला निघाली होती. पुण्याच्या मैत्रिणीनं बी दिलं होतं आणि बजावलंही होतं की पहिल्या वर्षी नुसती पानं, फूल दुसऱ्या वर्षी. रंग मात्र तिलाही सांगता येईना. तिच्या बागेत सगळ्याच रंगांची सरमिसळ झालेली.

घरात आग्नेसच्या बाजूनं एकटी नणंद होती, फिलोमिना. तिला सगळे फिलू म्हणत.

“लाल येनार,” फिलू माती भुसभुशीत करता करता म्हणाली. “काळपट लाल.”

“पांढरी.”

“पैज लाव. हरले तर कार्मीला वर्षभर मी न्हाऊ घालीन.”

“ते तर तू आताही घालतेस.”

“मग जिंकले तरी घालीन. सुटका नाही तुझी, वहिनी.”

कार्मी, आग्नेसची मुलगी, तेव्हा जेमतेम बसायला लागली होती.

ते वर्ष खरंच पानांतच गेलं. रुंद, खरखरीत पानं जमिनीला चिकटून बसलेली. शेजारच्या कृष्णाबाई कुंपणावरून विचारायच्या, “आग्नेसबाय, ही भाजी डाळीत घालायची का नुसती परतायची?”

“तुम्ही आधी खाऊन बघा,” फिलू आतून ओरडायची. “जगलात तर आम्ही पन शिजवू.”

पावसाळ्यात वाफ्यात पाणी तुंबून मुळं कुजायला लागली, तेव्हा फिलूनंच चर खणला, वर माडाच्या झावळ्या घातल्या. दिवसच्या दिवस भिजली. मग खोकला आला. भिजल्याचा खोकला, सगळे म्हणाले. आग्नेसला मात्र तो खोकला ऐकवेना. तिचा स्वभावच तसा. कार्मी झोपली तरी श्वास चालतोय ना म्हणून तिच्या छातीवर हात ठेवून बघणारी. फिलू हल्ली आपला रुमाल आपणच धुते, कुणी उठायच्या आत, विहिरीच्या टोकाच्या दगडावर, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. एका सकाळी ती मागोमाग गेली. दगडावरून ओघळणारं पाणी गुलाबी होतं.

त्या दिवशी दुपारी फिलूच्या मांडीवरून आग्नेसनं कार्मीला उचलून घेतलं. फिलूनं नुसते दोन्ही तळवे लुगड्याला पुसले.

डॉक्टरांनी क्षय सांगितला. फिलूची ताटली वेगळी झाली, पेला वेगळा झाला. आणि आग्नेसनं नियम घातला: कार्मी वाफ्याच्या अलीकडे, आत्या पलीकडे. फिलूनं त्याचाही खेळ केला. गुलखैऱ्याचं मोठं पान तोंडापुढं धरायची. “आत्या कुठं गेली?” पान बाजूला करून म्हणायची, “कू!” कार्मी अलीकडे टाळ्या पिटायची. एकदा मात्र ती पानं तुडवत सरळ वाफ्यात शिरली, हात वर करून. फिलू मागं सरकत गेली, पाठ गोठ्याच्या कुडाला टेकली तशी थांबली.

“वहिनी, उचल तिला. लवकर उचल ना!”

नाताळ झाला आणि घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये तिला खाट मिळाली. टांग्यात बसण्याआधी फिलू कार्मीजवळ आली नाही. वाफ्याकडे गेली. पानांच्या मधोमध कोवळे दांडे वर निघाले होते.

“रंग कळव. खोटं सांगू नको.”

दांडे कार्मीहून उंच झाले, मग आग्नेसच्या खांद्याला लागले. बुडापासून वर एकेक फूल उमलत गेलं. सगळी लाल. काळपट लाल. निकोलसबाबा येता-जाता थांबून बघत. कार्मी रोज दांडे बाजूला सारून पलीकडे जायची. “आत्ते, कू!” तिथं कुणी नसायचं. मग वळसा घालून अलीकडे यायची, कदाचित आत्या इकडे आली असेल म्हणून.

आग्नेसनं पत्र टाकलं, तूच जिंकलीस. उत्तर आलं नाही. ईस्टरनंतर नवरा, प्लासिड, बहिणीला भेटून आला. आल्यावर विहिरीवर कितीतरी वेळ पाय धूत राहिला.

“कशी आहे?”

“बरी आहे.”

“रंगाचं ऐकून काय म्हणाली?”

“रंगाचं? तू कुठं काही सांगितलं होतंस?”

तो निघताना तिनं त्याला दोनदा बजावलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड पुसायला पंचा घेतला तो खाली घेतलाच नाही.

आग्नेसला जाता येत नाही. पोटात दुसरं आहे, डॉक्टरांनी तिथं पाऊलही टाकू नको म्हटलंय. डॉक्टरांनी म्हटलं नसतं तर ती गेली असती का, हे तिचं तिलाही ठाऊक नाही. वाफ्यात आता नुसते वाळलेले दांडे आहेत. ते उपटायला ती कुणाला हात लावू देत नाही. घाटाकडे कुणी निघालं की ती फाटकापर्यंत धावते.

हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेवढंच सांगणं आहे. त्या बाजूला गेलात तर बायकांच्या व्हरांड्यात सांडोरच्या फिलोमिनाची चौकशी करा. डाव्या भुवईवर जखमेची खूण आहे. उठून बसते का, जेवते का, बघा. लाल आली म्हणून सांगा, काळपट लाल. ती काय म्हणते ते नीट ऐकून या. काही म्हणालीच नाही, तरी येऊन सांगा. नुसतं बरी आहे, एवढं मात्र म्हणू नका.