शॉवरला बांधलेली सुतळी

अख्खी वस्ती त्यांना नळवाले काका म्हणायची. चाळीस वर्षं काकांनी लोकांचे नळ, टाक्या, पाईप सांभाळले आणि घरचा शॉवर मात्र अकरा वर्षं गळत ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. यांचा पाषाण तेवढा ओला होता.

बायको सांगायची. आधी गोडीने, मग चिडून, मग पाहुण्यांसमोर.

"अहो, दहा मिनिटांचं काम आहे ना?"

"दहाच मिनिटांचं आहे म्हणून तर राहतंय. उद्या करतो."

मग एक दिवस तिने सांगणंच सोडलं. शॉवरला एक सुतळी बांधली, तिचं दुसरं टोक खालच्या बादलीत सोडलं आणि विषय मिटवला. काकांना हायसं वाटलं. बायकोची तक्रार थांबली म्हणजे गळती थांबली, हे गणित फक्त नवऱ्यांनाच सुटतं.

दीड वर्षापूर्वी ती गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, धड निरोपही झाला नाही. आता काकांकडे वेळच वेळ होता, पिशवीत हत्यारं होती, पण हात धजत नव्हता. तिने सांगितलेली बाकीची कामं एक तर झाली होती, नाही तर कायमची राहून गेली होती. एवढं एकच अजून करण्याजोगं उरलं होतं. तेही उरकलं, की तिच्यासाठी करायचं म्हणून काही शिल्लक राहणार नव्हतं. म्हणून रोज ते भरलेली बादली उपसून झाडांना घालायचे आणि रिकामी पुन्हा सुतळीखाली ठेवायचे.

लेक चार दिवसांसाठी आली आणि पदर खोचून घर आवरायला लागली.

"बाबा, ही चप्पल तरी टाकू का?"

आईची निळी रबरी चप्पल होती. डाव्या पायाच्या टाचेला नाण्याएवढं गोल भोक.

"राहू दे," काका म्हणाले.

त्या भोकावरून त्यांनी बायकोला चिडवलं होतं. "उंदराने कुरतडली की काय गं?" ती म्हणाली होती, "हो ना. मोठा उंदीर आहे घरात, तीस वर्षं पोसलाय." काका पोट धरून हसले होते. पुढे काही विचारलं नव्हतं. पाईप सोडून कशाच्याही आत डोकावायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तिसऱ्या दिवशी जेवून ते जरा आडवे झाले आणि ताडकन उठून बसले. टप. टप. एक पाय चपलेत घालून हात पिशवीकडे गेलासुद्धा. कुणाकडे तरी पाईप फुटलाय!

"अहो बाबा, कुठे निघालात? आपलाच शॉवर आहे," लेक म्हणाली. "सुतळीला शेवाळ आलं होतं, कापून टाकली मी."

"पण इतकी वर्षं आवाज तर येत नव्हता."

"कसा येईल? सुतळीवरून पाणी गुपचूप उतरायचं. म्हणून तर आईने बांधली होती. एवढ्याशा टपटपीने तुम्ही दचकून उठायचात. दमून आलेल्या माणसाला झोपू दे, म्हणायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

काकांना वाटलं होतं, पाणी भिंतीवर उडू नये म्हणून असेल. ते खाटेच्या कडेला बसून राहिले.

"मी उद्या एखादा प्लंबर बोलावते," लेक म्हणाली.

"प्लंबर? या घरात?" काका उठले. "बॅटरी धर."

मेन कॉक बंद केला. शॉवरच्या भिंतीतल्या नळाची मूठ काढली, पाना लावला, जोर दिला. करकर करत आतला दांडा, स्पिंडल, बाहेर आला. त्याच्या टोकाला पाणी अडवणारी रबरी चकती, काळा वायसर असणार, झिजून चपटा झालेला, हे काकांना न बघता माहीत होतं.

वायसर निळा होता.

"हा कसला हो, बाबा?"

काकांनी तो काढून बॅटरीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "आईची चप्पल आण."

टाचेच्या भोकात वायसर अलगद बसला. कडा किती सफाईने कापल्या होत्या! ते कुणाच्या तरी घरी नळ दुरुस्त करत असताना इथे तिने त्यांचाच जुना पाना घेऊन हा सगळा खटाटोप केला होता. नवऱ्याच्या बोलण्यातून कानावर पडलं तेवढ्यावर. तिचं काही चुकलं नव्हतं. फक्त वायसर जिथे टेकतो त्या पितळी बैठकीवर क्षारांचा थर साचला होता. तो खरवडावा लागतो, हे धंद्यातल्या माणसालाच कळणार.

"वेडी कुठली. एकदा मला विचारलं असतं तर..." काका बोलून गेले आणि थांबले. ती वर्षानुवर्षं विचारतच तर होती. लेकीने बॅटरीचा उजेड भिंतीकडे वळवला, आणि काका रडले.

मग त्यांनी बैठक खरवडली, पॉलिश पेपरने घासली, बोट फिरवून पाहिली. नवा वायसर पाकिटातून काढला आणि परत आत टाकला. निळाच उलटा करून कोऱ्या बाजूने लावला, नळ आवळला, मेन कॉक सोडला. दोघं वर बघत उभे राहिले. थेंब आला नाही.

"झालं की हो, बाबा!"

"तिनेच केलं होतं गं. बैठक घासायची तेवढी राहिली होती. ते माझं काम होतं."

दुसऱ्या दिवशी लेक गेली. दुपारी काकांनी सवयीने बादली उचलली. ती कोरडी होती. ती पालथी घालून ते खाटेवर आडवे झाले. घरात कसलाही आवाज नव्हता. तिला हवी होती तशी गाढ झोप लागायला आता काही हरकत नव्हती. काका उघड्या डोळ्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे कान लावून पडून राहिले.